बैलघोडा हॉस्पिटलची साकरबाई

परळ म्हटलं की आमच्या धाराशिवकडच्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. कारण परळ म्हणजे टाटा हॉस्पिटल, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. कुणाच्या तरी घरी मोठं दुखणं निघतं, रिपोर्टांची पिशवी छातीशी धरून माणसं रात्री लातूर-मुंबई गाडीत बसतात आणि सकाळी परळ गाठतात. मीही परळ पहिल्यांदा पाहिलं ते सासूबाईंच्या आजारपणात. पुन्हा या बाजूला यायची वेळ आणू नकोस गं आई, असं तेव्हा तुळजाभवानीला मनोमन म्हटलं होतं. पण देवीच्या मनात वेगळंच होतं. माझ्या लेकीचाच नंबर परळला लागला!

पेशंट म्हणून नव्हे हो, कॉलेजात. बारावीनंतर नीटची परीक्षा झाली, एमबीबीएसला मार्क थोडे कमी पडले आणि पोरीनं पशुवैद्यकीयचा फॉर्म भरला. परभणी, उदगीर ही आपली मराठवाड्यातली कॉलेजं जवळ पडली असती. पण यादी लागली आणि नाव निघालं मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. पोरगी आनंदानं नाचत होती आणि माझा चेहरा उतरला होता. खरं सांगते, मैत्रिणींनो, लपवून काय करायचं? नणंदबाई म्हणाल्या की पोरीला ढोरांची डॉक्टर करून पुढं लग्न कसं जमवणार. शेजारच्या काकू म्हणाल्या, शेण काढायलाच पाठवायचं होतं तर मुंबई कशाला. आणि मी? कुणी विचारलं तर मी नुसतंच सांगायचे, मेडिकलला आहे मुंबईला. कसलं मेडिकल, ते सांगायचेच नाही.

लाज वाटायचं तसं काही कारण नव्हतं. मी स्वतः शेळ्यांत वाढलेली. भूम तालुक्यात माझं माहेर. आमच्या भागातली काळी कुळकुळीत उस्मानाबादी शेळी सगळ्या देशात नावाजलेली. एका वेताला बऱ्याचदा दोन पिल्लं देते, कमी चाऱ्यात राहते, दुष्काळात तगते. वडिलांची कोरडवाहू शेती पाऊस लहरी म्हणून कधी पिकायची, कधी नाही. आमची पुस्तकं, कपडे, दिवाळी सगळं आईच्या शेळ्यांवर व्हायचं.

मी सहावीत असतानाची एक रात्र अजून विसरत नाही. आमची सगळ्यात चांगली शेळी व्यायला बसली आणि अडली. आई कंदील घेऊन तिच्या उशाशी बसली. पाठीवरून हात फिरवत होती, गूळपाणी पाजत होती, देवीला साकडं घालत होती. जनावरांचा दवाखाना दूर, रात्रीची गाडी नाही. पहाटे शेळी गेली. पोटातली पिल्लंही गेली. आई दोन दिवस जेवली नव्हती. आईच्या मायेत काही कमी होतं का? मुळीच नाही. पण नुसत्या मायेनं अडलेलं पिल्लू बाहेर येत नाही, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते कळलं परळला, अगदी अलीकडं.

त्याचं असं झालं. पशुवैद्यकीयची पदवी आता साडेपाच वर्षांची असते. त्यातलं शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं, म्हणजे खऱ्या पेशंटवर हात बसवायचं. लेकीची इंटर्नशिप सुरू झाली आणि पहिल्याच महिन्यात रात्री अकराला तिचा फोन आला. रडत होती. पार्व्हो झालेलं, रक्ताची हगवण लागलेलं दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू तिच्या हातातच गेलं होतं. आपल्याला हे जमणार नाही, परत येते, म्हणत होती. आमचे हे म्हणाले, जाऊन ये तू. दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले.

दादरला उतरून टॅक्सीवाल्याला जनावरांच्या दवाखान्याचा पत्ता सांगायला लागले तर तो म्हणाला की बैलघोडा हॉस्पिटलला जायचंय ना, मग सरळ तसं सांगा की! मुंबईत जुनी माणसं या दवाखान्याला बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. दारात उतरले आणि पाहते तर खरं नाव वेगळंच. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय. लेक ड्यूटीवर होती. तिथल्या बाकावर बसून मी ते नाव पुन्हा पुन्हा वाचत होते. कोण ही साकरबाई? जनावरांच्या दवाखान्याला एका बाईचं नाव कसं काय? नंतर मिळेल तिथून वाचत गेले, आणि त्या नावामागं एका माणसाचं अख्खं आयुष्य आणि मुंबईचं अख्खं शतक उभं राहिलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

दिनशॉ माणेकजी पेटिट. जन्म ३० जून १८२३, मुंबईचाच. घराणं पारशी, मूळचं सुरतेकडचं. पेटिट हे आडनाव काही पारशी वाटत नाही ना? तो फ्रेंच शब्द आहे, अर्थ लहान. घराण्यातले एक पूर्वज फ्रेंच व्यापाऱ्यांबरोबर काम करायचे. अंगानं ते बुटके, म्हणून फ्रेंचांनी लाडानं त्यांना तसं म्हणायला सुरुवात केली आणि तेच पुढं आडनाव झालं, असं सांगतात. आपल्याकडं नाही का, कुणाच्या आजोबाला गावानं ठेवलेलं नाव नातवंडांच्या शाळेच्या दाखल्यावर येतं!

दिनशॉ नऊ वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा मुंबईत एक मोठं प्रकरण घडलं. १८३२ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा सरकारचा हुकूम होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागं पैसे मिळायचे. मग काय, पैशाच्या लोभानं शिपाई घराच्या दारातली पाळीव कुत्रीही मारायला लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेल्यावर त्याच्या अंत्यविधीत कुत्र्याची नजर त्याच्यावर पडावी लागते. त्यामुळं पारशी समाज रस्त्यावर उतरला. दुकानं बंद झाली, शिपायांना मार बसला. इतर व्यापारीही त्यांच्यात सामील झाले. गोऱ्यांचं लष्कर बोलवावं लागलं. इतिहासात याला कुत्र्यांचा दंगा म्हणतात. ज्या समाजात, ज्या शहरात हे घडलं, त्यातच हा मुलगा लहानाचा मोठा झाला.

दंग्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मिळून मुंबईत पांजरापोळ काढला. भाकड गाई, म्हातारे बैल, मोकाट कुत्री यांना तिथं आसरा मिळायला लागला. आसरा मिळाला, चारा-पाणी मिळालं. पण मोडलेला पाय बसवायचा कुणी? सडलेली जखम धुवायची कुणी? ते शिकलेला माणूस शहरात जवळजवळ नव्हताच. माझ्या आईच्या गोठ्यात होतं तेच मुंबईतही होतं बघा. माया होती, हात शिकलेला नव्हता.

१८३७ साली दिनशॉचं लग्न झालं. वयाची चौदा वर्षंही पुरी नव्हती. त्या काळात पारशांतही लग्नं अशी लहानपणीच व्हायची. नवरी फ्रामजी भिकाजी पांडे यांची लेक, साकरबाई. गुजरातीत साकर म्हणजे साखर. या दोघांचा संसार थोडाथोडका नाही, त्रेपन्न वर्षं चालला. घरात मुलं-मुली, सुना-नातवंडं, असा मोठा लेकुरवाळा पसारा. नवऱ्याच्या गिरण्या वाढत गेल्या तसा घरचा राबताही वाढत गेला असणार. तो कुणी सांभाळला असेल, हे आपण बायकांनी एकमेकींना सांगायला नको.

दिनशॉ तरुणपणी एका इंग्रजी व्यापारी पेढीत कारकून म्हणून लागला. वडील माणेकजी दलाली करायचे, तोही त्यात शिरला. मुंबईत तेव्हा नवीनच वारं वाहायला लागलं होतं. आपला कापूस गलबतानं विलायतेला जायचा आणि कापड होऊन परत यायचा. हे कापड इथंच का विणू नये, असं काही पारशी व्यापाऱ्यांच्या मनानं घेतलं. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पाठोपाठ माणेकजी पेटिटही या धंद्यात उतरले. १८५९ साली ते वारले आणि सगळा भार दिनशॉवर आला. त्यानं पुढच्याच काळात वडिलांच्या नावानं माणेकजी पेटिट गिरणी उभी केली.

मग आलं अमेरिकेचं युद्ध. १८६१ ते १८६५ तिथं यादवी चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा नुसता पूर! जो तो शेअर घेत सुटला. १८६५ साली युद्ध संपलं आणि भाव कोसळले. रात्रीतून सावकार भिकारी झाले. पेटिट मात्र टिकले. हा पैसा त्यांनी पुढं यंत्रांत आणि गिरण्यांत घातला. एकामागून एक गिरण्या चालवून मुंबईच्या गिरणी धंद्यातलं ते मोठं नाव झाले.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. या गिरण्यांची भरभराट नुसत्या शेटजींच्या अकलेवर झालेली नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारो माणसांच्या घामावर ती झाली, आणि त्यात बायकाही होत्या. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टीसुद्धा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा घेऊन आवाज उठवला, तेव्हा कुठं १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. मोठ्या माणसाचं चरित्र वाचताना ही बाजू आपण झाकून ठेवू नये, असं मला वाटतं.

पण मिळवलेला पैसा पेटिटांनी तिजोरीत कोंडून ठेवला नाही, हेही तितकंच खरं. दवाखाने, शाळा, धर्मादाय कामं यांना त्यांचा हात सैल होता. मुंबईत १८८७ साली तंत्रशिक्षणाची मोठी संस्था सुरू झाली, आज आपली पोरं व्हीजेटीआयला नंबर लागावा म्हणून देव पाण्यात घालतात तीच. तिलाही पेटिटांची मोठी मदत झाली. आणि याच सुमाराला त्यांनी एक असं काम केलं, जे कुणाही श्रीमंताच्या सहज मनात आलं नसतं.

तेव्हाची मुंबई म्हणजे जनावरांच्या पायावर चालणारं शहर. माल न्यायला बैलगाड्या, माणसं न्यायला घोडागाड्या. १८७४ साली ट्राम सुरू झाली, तीही घोडेच ओढायचे. विजेची ट्राम यायला १९०७ साल उजाडावं लागलं. ओझं जास्त, रस्ते तापलेले, मानेला जू लागून पडलेल्या जखमा, लंगडणारे घोडे... हे पाहून १८७४ सालीच मुंबईत जनावरांवरच्या अत्याचाराला आळा घालणारी संस्था उभी राहिली. पण गाडीवानाला अडवलं, जखमी बैल सोडवला, पुढं काय? त्याला न्यायचं कुठं? बरं कुणी करायचं?

याला उत्तर दिलं दिनशॉ पेटिटांनी. परळला जागा आणि इमारती देऊन १८८३ साली त्यांनी जनावरांच्या दवाखान्याचा पाया घातला आणि दवाखान्याला बायकोचं नाव दिलं. गिरणीला त्यांनी वडिलांचं नाव दिलं होतं. नातलगाचं नाव शाळेला द्यावं, अग्यारीला द्यावं, हे ठीक. पण जखमी बैलांच्या आणि लंगड्या घोड्यांच्या दवाखान्याला घरच्या लक्ष्मीचं नाव द्यायचं, ही गोष्ट साधी नाही. मी त्या बाकावर बसून विचार केला, मला जी गोष्ट चारचौघांत सांगायला लाज वाटत होती, त्याच गोष्टीवर एका कोट्यधीशानं आपल्या बायकोचं नाव अभिमानानं कोरलं होतं!

आणि खरं मोठं काम तर पुढंच आहे. दवाखाना उभा राहिला, पण डॉक्टर आणायचे कुठून? विलायतेहून किती आणणार? म्हणून याच दवाखान्याला लागून २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जॉन हेन्री स्टील नावाचे लष्करातले पशुवैद्य त्याचे पहिले प्राचार्य. आपल्या देशात पशुवैद्यकावर नियतकालिक काढणारा हा माणूस. १८९१ साली ते वारले, म्हणजे कॉलेजाला त्यांची जेमतेम पाच वर्षं मिळाली. पण तेवढ्यात त्यांनी घडी बसवून दिली. पोरांनी वर्गात शिकायचं आणि अंगण ओलांडून दवाखान्यात जायचं, समोर उभ्या असलेल्या आजारी जनावराला हात लावायचा. जनावराला उपचार मिळतो आणि शिकणाऱ्याला अनुभव. दोन्ही कामं एकाच अंगणात.

त्या काळात याची गरज केवढी होती! बुळकांडी नावाचा रोग गावच्या गावं मोकळी करत होता. बैल मेले की शेत पडीक, शेत पडीक की माणसं उपाशी. जुन्या माणसांच्या तोंडी अजून बुळकांडीचं नाव येतं. हा रोग जगातून संपल्याचं २०११ साली जाहीर झालं. त्यामागं लस आहे, तशी परळसारख्या कॉलेजांतून शिकून खेडोपाडी गेलेल्या हजारो पशुवैद्यांची पायपीटही आहे. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबई म्हणजे आपल्या माणसांना परमुलूखच. तिथल्या अंगणात शिकायला आपल्याकडची पोरगी जाईल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

दिनशॉ पेटिटांना १८८७ साली सर ही पदवी मिळाली आणि १८९० साली बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब. पण त्याच १८९० च्या मार्चमध्ये साकरबाई गेल्या. आपल्या नावाच्या दवाखान्यात शिकलेली पोरं डॉक्टर होऊन बाहेर पडायला नुकती कुठं सुरुवात झाली होती. सर दिनशॉ त्यांच्यानंतर अकरा वर्षं जगले. ५ मे १९०१ रोजी ते वारले. मुलगा बमनजी याच्या नावानं पुढं पारशी जनरल हॉस्पिटल झालं. पणती रतनबाई, जिला सगळे रत्ती म्हणत, तिनं १९१८ साली बॅरिस्टर जिनांशी लग्न केलं आणि घराण्याचं नाव इतिहासात वेगळ्याच कारणानं गाजलं. गिरण्या काळाच्या ओघात गेल्या. परळचे भोंगे बंद पडले, तिथं काचेच्या इमारती आल्या. राहिला तो बैलघोडा दवाखाना आणि त्याच्या दारावरची साकरबाई.

आता तिथं बैल आणि घोडे कमी, कुत्री-मांजरं जास्त. संक्रांतीत मांज्यानं पंख कापलेले पक्षी येतात. मी तीन दिवस लेकीजवळ राहिले. बाकावर बसून सगळं बघायचे. कुणी बाई मांजर पदरात गुंडाळून आणलेली, कुणी म्हातारे गृहस्थ रिक्षातून लंगडं कुत्रं घेऊन आलेले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच काळजी, जी मी टाटाच्या बाकावर पाहिली होती.

आणि पोरीचं शिक्षण काय असतं, तेही तेव्हाच कळलं. जनावर बोलत नाही. कुठं दुखतं सांगत नाही, उलट दुखलं की चावतं. म्हणून पहिला धडा धरायचा. कुत्र्याचं तोंड पट्टीनं कसं बांधायचं, मांजर टॉवेलात कशी गुंडाळायची, पुढच्या पायाची शीर कशी दाबून वर आणायची. मग ताप बघायचा. कुत्र्याचा नेहमीचा ताप १०१ ते १०२ डिग्री, म्हणजे आपल्याला जो ताप वाटेल ते त्याचं रोजचंच. मांडीच्या आत बोट ठेवून नाडी मोजायची. हिरडी बोटानं दाबायची, पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. नाही झाली तर अंगातलं पाणी किंवा रक्त कमी झालंय. औषध द्यायचं ते वजन करून, किलोमागं किती ते मोजूनच. घरातली आपली गोळी जनावराला देऊ नका, हे तर लेक येणाऱ्या प्रत्येकाला घसा कोरडा करून सांगत होती. तापाची साधी पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते, मला तरी कुठं ठाऊक होतं!

यातलं बरंचसं पुस्तकात असतं. पण पुस्तक वाचून शीर सापडत नाही. ती सापडते पन्नास वेळा चुकल्यावर, शेजारी मोठे डॉक्टर उभे असताना. संध्याकाळी लेकीला मी साकरबाईंचं विचारलं, तर तिलाही नावापलीकडं ठाऊक नव्हतं. तिच्या बॅचला मुली भरपूर. मला मोठं नवल वाटलं, कारण इंग्लंडातसुद्धा हे सहज घडलेलं नाही. एलीन कस्ट नावाची आयर्लंडमध्ये जन्मलेली मुलगी एडिंबरोला हेच शिकली. १९०० साली शिक्षण पूर्ण झालं तरी केवळ बाई म्हणून तिला शेवटच्या परीक्षेला बसू दिलं नाही. बिचारीनं आयर्लंडच्या खेड्यांत वर्षानुवर्षं गाई-घोडे बरे केले, पण हातात कागद नाही. तो मिळाला १९२२ साली. बावीस वर्षं! आणि आमच्या पोरी एका रडक्या रात्रीत हे सोडून द्यायला निघाल्या होत्या. मी लेकीला एवढंच म्हटलं, की पिल्लू गेलं म्हणून तू वाईट डॉक्टर होत नाहीस, पण तू परत आलीस तर पुढच्या पिल्लाजवळ कोण असेल, याचा विचार कर. चौथ्या दिवशी मी एकटीच गाडीत बसले.

दिवाळीला लेक घरी आली. भाऊबीजेला आम्ही माहेरी गेलो. रात्री जेवणं झाली आणि भावाची शेळी अडली. एक पाय बाहेर आलेला, पुढं काही नाही. आईनं कंदिलाऐवजी आता मोबाईलचा उजेड धरला होता, एवढाच फरक. बाकी सगळं तसंच. माझे हातपाय गार पडले. लेकीनं आधी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांना पोचायला तास-दीड तास लागणार होता. काय दिसतंय ते तिनं नीट सांगितलं आणि त्यांनी फोनवरूनच तिला काम सुरू करायला सांगितलं.

तिनं नखं कापली, कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, मोजे चढवले. तिनं डोळे मिटले होते, कारण आत बघायला डोळे नसतात, बोटंच असतात. पिल्लाची मान मागं वळली होती. तिनं ते हळूच आत ढकललं, तोंड धरून मान सरळ केली आणि शेळीनं कळ दिली की ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. पहिलं पिल्लू मेलेलंच निघालं. आईनं डोळ्याला पदर लावला. लेक मात्र थांबली नाही. तिनं पुन्हा हात घातला आणि दुसरं पिल्लू काढलं. ते हललं नाही. तिनं त्याचं नाक-तोंड साफ केलं, गोणपाटानं खसाखसा पुसलं आणि ते शिंकलं. डॉक्टर आले तेव्हा ते पिल्लू आईला लुचत होतं. त्यांनी शेळी तपासली, इंजेक्शन दिलं आणि पोरीच्या पाठीवर थाप मारली.

आई तिथंच बसून होती. काही बोलली नाही. नातीचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन नुसती बघत राहिली. मला माझी सहावीतली ती रात्र आठवली. हातात माया तेव्हाही होती. परळच्या अंगणात शिकलेलं हे कसब तेव्हा नव्हतं.

मैत्रिणींनो, दानधर्म आपण सगळ्याच करतो. मुक्या जनावराला पोळी घालतो, पोळ्याला बैलाची पूजा करतो. सर दिनशॉंनी एक पाऊल पुढं टाकलं. त्यांच्या दवाखान्यात जनावर बरं झालं आणि जनावर बरं करणारी माणसंही तयार होत गेली, आजही होतायत. म्हणून तर १८८३ सालच्या पैशातून आमच्या गोठ्यात परवा एक पिल्लू जगलं. घरच्या एखाद्या पोरीला हे शिकावंसं वाटलं, तर ढोरांची डॉक्टर म्हणून नाक मुरडू नका. मी मुरडलं होतं, म्हणून सांगते.

आता कुणी विचारलं की मी नुसतं मेडिकल म्हणत नाही. माझी लेक बैलघोडा हॉस्पिटलात शिकते, साकरबाईंच्या, असं पूर्ण सांगते. आणि त्या पिल्लाचं नाव? पाट आहे, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. आईनंच ठेवलंय. साखरी.